भिंतीतील तिसरे छिद्र

आपल्याकडे विजेचा इतिहास लिहिला जातो तो धरणांचा, कंपन्यांचा आणि दिव्यांचा. खोपोली आणि कोयनेवर लिहिले गेले, ट्रामवर लिहिले गेले, गावात पहिला दिवा लागला त्या संध्याकाळच्या आठवणी तर आत्मचरित्रांतून विपुल आढळतात. परंतु ही वीज जिथे अखेर माणसाच्या हाताशी येते, त्या भिंतीवरच्या तळहाताएवढ्या चौकोनाकडे इतिहासाची नजर फारशी गेलेली नाही. त्याला आपण कधी प्लग म्हणतो, कधी सॉकेट, कधी नुसते 'पॉइंट'. नावाबाबतची ही अनास्थाच पुष्कळ काही सांगून जाते.

या चौकोनात तीन छिद्रे असतात. खालची दोन वीज आणण्यासाठी आणि परत नेण्यासाठी. वरचे तिसरे आकाराने सर्वांत मोठे असते, आणि मौज अशी की, यंत्र चालण्यासाठी त्याची काहीही गरज नसते. त्यामागे तार नसली तरी फ्रिज थंड होतो, इस्त्री तापते, गीझर पाणी देतो. घरातील विद्युत्-सुरक्षेचा सारा प्रश्न या एका गोष्टीत सामावला आहे असे आम्हांस वाटते. सोय असली की ती तत्काळ जाणवते. सुरक्षा मात्र ती नसतानाच जाणवते, आणि बहुधा एकदाच. म्हणूनच गेल्या शंभर वर्षांत भिंतीवरच्या या चौकोनात सोयी भराभर शिरल्या आणि सुरक्षा नेहमी दोन पावले मागे राहिली. हे कसे घडले, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

घरात वीज शिरली ती उजेड म्हणून. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले तेव्हा तो ग्राहकांना विकत होता तो प्रकाश. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पण ते लावणारी कंपनी फार काळ टिकली नाही. 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' ही कंपनी आणि तिचे वाडी बंदरचे वीजकेंद्र उभे राहायला १९०५ साल उजाडले. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, आणि १९१५ पासून टाटांची जलविद्युत् खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांकडे येऊ लागली. या साऱ्या काळात सामान्य घराच्या दृष्टीने वीज म्हणजे छताला लोंबणारा एक दिवा. भिंतीत छिद्रे असण्याचे कारणच नव्हते.

मग इस्त्री आली, पंखा आला, आणि त्यांना वीज द्यायची कुठून असा प्रश्न उभा राहिला. त्याचे जे उत्तर जगभर सापडले ते दिव्याच्या होल्डरात. दिवा काढायचा आणि त्याच्या जागी उपकरणाची वायर जोडायची. अमेरिकेत हार्वी हबेल यांनी १९०४ साली ज्या प्लगचे पेटंट घेतले, त्याचे मूळही हेच होते: दिव्यासारखा होल्डरात फिरवून बसवायचा एक तुकडा, आणि त्यात खुपसता-काढता येणारा दोन पात्यांचा दुसरा तुकडा. भिंतीतले सॉकेट हे त्या होल्डराचे पुढचे रूप होय. होल्डरात टोके दोनच असतात, आणि दिव्याला दोनच पुरतात. वीजजोडणीने घराला पहिली सवय लावली ती दोन तारांची. ही सवय पुढे फार महाग पडली.

आपल्या भिंतीवरचा चौकोन अमेरिकेकडून आला नाही, तो ब्रिटनमधून आला. तिथे दिव्यांच्या विजेचा दर वेगळा आणि शेगडी-हीटरसारख्या उपकरणांच्या विजेचा दर वेगळा असे. त्यासाठी मीटरही वेगळे आणि वायरिंगही वेगळे. दिव्यांच्या बाजूला ५ अँपिअरचे लहान सॉकेट आणि उष्णतेच्या बाजूला १५ अँपिअरचे मोठे. आपल्याकडेही 'लाइट' आणि 'पॉवर' असे दोन दर आणि दोन जोडण्या कित्येक वर्षे होत्या. दर एक झाले, मीटर एक झाले, तरी मराठी घरांत गीझरच्या प्लगला अजून 'पॉवर पॉइंट' म्हणतात. वीजबिलातून गेलेला हा भेद बोलीने जपून ठेवला आहे.

१९३४ साली ब्रिटनमध्ये बी.एस. ५४६ हे मानक निघाले. त्याने २, ५, १५ आणि ३० अँपिअरच्या गोल पिनांच्या प्लगांची मापे ठरवून दिली. यातील ५ आणि १५ अँपिअरची जोडी म्हणजेच आपले आजचे लहान आणि मोठे प्लग. मापे नीट पाहिली तर त्यांमागचा विचार उलगडतो. लहान प्लगच्या खालच्या दोन पिनांचा व्यास सुमारे ५ मिलिमीटर, वरच्या पिनेचा ७. मोठ्या प्लगच्या खालच्या पिना ७ मिलिमीटरच्या, वरची पावणेनऊच्या आसपास. मोठा प्लग लहान सॉकेटात जाऊ नये ही पहिली योजना. आणि वरची पिन खालच्या छिद्रांत शिरू नये ही दुसरी. शिवाय वरची पिन इतर दोहोंपेक्षा लांब असते. प्लग खुपसताना ती आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. उपकरणात वीज शिरण्यापूर्वी त्याचे जमिनीशी नाते जुळलेले असावे, यासाठी ही लांबी.

हे जमिनीशी नाते म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लोखंडी अंगाच्या फ्रिजमध्ये आतल्या तारेचे आवरण झिजले आणि जिवंत तार, म्हणजे फेज, पत्र्याला टेकली, तर सारा फ्रिज जिवंत होतो. तो चालूच राहतो, बाहेरून काहीही दिसत नाही. पुढे कोणी त्याच्या दाराला हात लावला की त्या माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे वाट काढते. तिसरी तार असेल, तर पत्र्यापासून जमिनीपर्यंत एक सोपी वाट आधीच तयार असते. दोष निर्माण होताच त्या वाटेने मोठा प्रवाह धावतो, फ्यूज उडतो, आणि माणसाचा हात लागण्यापूर्वीच पुरवठा बंद पडतो. तिसरे छिद्र हे त्या वाटेचे दार. दारामागे वाटच नसेल तर ते भिंतीवरचे नक्षीकाम ठरते.

ब्रिटनने या व्यवस्थेचा पुनर्विचार केला तो ऐन महायुद्धात. बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेली घरे युद्धानंतर बांधायची होती आणि तांब्याची टंचाई होती. घरांतील वीजजोडणी कशी असावी हे ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल १९४४ साली प्रसिद्ध झाला. या समितीत एकच स्त्री होती, कॅरोलिन हॅस्लेट. १९१९ साली स्थापन झालेल्या स्त्री-अभियंत्यांच्या संस्थेच्या त्या पहिल्या चिटणीस, आणि १९२४ पासून 'इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन' या संस्थेच्या संचालक. विजेच्या उपकरणांनी गृहिणीचे कष्ट कमी व्हावेत यासाठी त्यांनी आयुष्य वेचले होते, आणि ती उपकरणे घरात कोण वापरते, त्या वेळी पायांत कोण घुटमळत असते, याची त्यांना चांगली कल्पना होती. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी सॉकेटाच्या छिद्रांवर झडपा असाव्यात ही त्या अहवालातील एक प्रमुख अपेक्षा होती, आणि तिचे श्रेय पुष्कळ जण हॅस्लेट यांना देतात.

त्यातून १९४७ साली बी.एस. १३६३ हे मानक आले. दिवे आणि पॉवर असे दोन आकार जाऊन चपट्या पिनांचा, १३ अँपिअरचा एकच प्लग ठरला. प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज आला, कारण सॉकेटे एकाच वर्तुळाकार वायरिंगवर ओवून तांबे वाचवायचे होते आणि त्या वायरिंगचा मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा असे. आणि छिद्रांवर झडपा आल्या. बहुतेक सॉकेटांत त्या उघडत तिसऱ्या पिनेने. ती लांब पिन आधी शिरते, आतली झडप बाजूला सारते, आणि मगच खालच्या दोन पिनांना वाट मिळते.

या योजनेचे महत्त्व तिच्या आकारात आहे, असे आमचे मत आहे. जुन्या गोल पिनांच्या व्यवस्थेत सुरक्षा ही वापरणाऱ्याच्या आणि वायरमनच्या शहाणपणावर सोपवलेली होती. तिसरी पिन नसलेला दोन पिनांचा प्लगही तिथे सुखाने चाले. नव्या आकारात तिसऱ्या पिनेशिवाय प्लग आत जाईनाच. माणूस घाईत असो, अडाणी असो वा चिक्कू असो, ही शिस्त त्याला वस्तूच लावते. अर्थात भिंतीमागे तार आहे की नाही, हे कोणताही आकार ठरवू शकत नाही. पण निदान बोट किंवा खिळा आत जाऊ नये एवढे आकाराला जमते, आणि लहान मुलाच्या संदर्भात तेवढ्यानेही जन्ममरणाचा फरक पडतो.

ज्या वर्षी ब्रिटनने नवे मानक स्वीकारले, त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला, आणि ब्रिटनने मागे टाकलेली गोल पिन इथेच राहिली. भारतीय मानक संस्थेची स्थापनाही १९४७ चीच. तिने १९५८ साली आय.एस. १२९३ हे तीन पिनांच्या प्लग-सॉकेटांचे मानक काढले तेव्हा त्याचा पाया बी.एस. ५४६ हाच होता. पुढे ५ चे ६ आणि १५ चे १६ अँपिअर झाले. मूळ घाट बदलला नाही. दक्षिण आफ्रिकेतही १५ अँपिअरची तीच गोल पिन घराघरांत टिकून राहिली. ब्रिटनमध्ये मात्र ती आता मुख्यतः नाट्यगृहांत, रंगमंचाच्या दिव्यांसाठी उरली आहे.

त्या निर्णयाला आज दूषणे देणे सोपे आहे. पण १९४७ साली भारतात दरडोई विजेचा वापर वर्षाला १६.३ युनिट होता, आणि वीज पोचलेली गावे सुमारे दीड हजार. ज्या देशात दिवा हीच चैन होती, तिथे प्रत्येक प्लगमध्ये फ्यूज आणि प्रत्येक छिद्रावर झडप मागणे व्यवहाराला धरून झाले नसते. जी काही सॉकेटे होती, ती गोल पिनांचीच होती. ती बनवणारे कारखाने आणि ती बसवणारे वायरमन यांना तीच ठाऊक होती. निर्णय समजण्याजोगा होता. त्याची किंमत पुढे मोजावी लागली ती वेगळ्या कारणाने: आकाराने जे काम केले नाही ते शिस्तीने करायचे होते, आणि ती शिस्त कागदावरच राहिली.

कागद मात्र भक्कम होता. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत, ग्राहकाच्या जागेत पुरवठा जिथे सुरू होतो तिथे भूसंपर्कित टोक पुरवण्याची आणि ते सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी वीज पुरवणाऱ्यावर टाकलेली होती. २०१० च्या सुरक्षा-नियमावलीनेही ती कायम ठेवली. म्हणजे आपल्या मीटरपाशी अर्थिंगचे टोक असणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो अर्धशतकाहून जुना आहे. हे किती ग्राहकांना ठाऊक असेल, याचा वाचकांनीच अदमास घ्यावा.

प्रत्यक्ष घरांत काय होते, ते जुनी वायरिंगे पाहिलेल्यांना सांगायला नको. भिंतीत लाकडी गुल्ल्या ठोकायच्या, त्यांवर लाकडी पट्टी, पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांत बसवलेल्या दोन तारा. नियमाप्रमाणे त्यांच्या शेजारून तिसरी, उघडी तार जायला हवी. ती वगळली की पैसा वाचे आणि दिवा तेवढाच प्रखर लागे. तांबे महाग आणि दुर्मिळ, म्हणून कित्येक घरांत ॲल्युमिनिअमच्या तारा आल्या. हा धातू स्क्रूखाली दाबला गेला की काळाने सैल होतो, सैल जोड तापतो, आणि बॅकेलाइटचे सॉकेट काळवंडते.

याच जोडणीवर एकामागून एक उपकरणे येत गेली. १९५८ मध्ये गोदरेजचा भारतीय बनावटीचा फ्रिज आला. साठीच्या दशकात मिक्सर आला, १९७२ च्या गांधीजयंतीला मुंबईत दूरदर्शन सुरू झाले, पुढे गीझर, धुलाईयंत्र, पाण्याचा पंप. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याचा कूलर हा उन्हाळ्याचा आधार झाला. आणि धोक्याचा मासला म्हणून याहून चोख वस्तू शोधून सापडणार नाही. पत्र्याचे अंग, पोटात पाणी, पाण्यात पंप, ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून त्यात बादली ओतणारा माणूस, आणि खिडकीतून आत घेतलेली दोन तारांची वायर. दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसे गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर येतात. त्या बातम्यांत दैवाचा उल्लेख असतो, तिसऱ्या तारेचा क्वचितच.

दोन तारांच्या या घरांत तीन पिनांचे सॉकेट बसवायची पाळी आली तेव्हा दोन पळवाटा निघाल्या. पहिली म्हणजे तिसरे छिद्र रिकामे ठेवणे. दुसरी अधिक घातक: तिसऱ्या छिद्राचे टोक आतल्या आत न्यूट्रलला जोडून देणे. टेस्टरने पाहिले तर सारे ठीक दिसते. परंतु न्यूट्रलची तार कुठे तुटली किंवा सैल झाली, तर उपकरणातून फिरून आलेली फेज त्याच जोडातून सरळ पत्र्यावर येते. उपकरणात कोणताही दोष नसताना त्याचे सारे अंग जिवंत होते. रिकामे छिद्र निदान निरुपद्रवी असते. हे छिद्र स्वतःच सापळा होते.

१९९१ नंतर घरे बदलली. लाकडी बोर्डावरची काळी गोल बटणे गेली, पांढरी चपटी आली, मग रंगीत पट्ट्यांची मॉड्यूलर बटणे आली. वायरी भिंतीच्या पोटात गेल्या. लहान-मोठे दोन्ही प्लग घेणारी सॉकेटे आली, त्यापाठोपाठ साऱ्या जगाचे प्लग घेणारी 'युनिव्हर्सल' सॉकेटे आली, आणि आता भिंतीतच यूएसबीची खाच येते. सोयीचा हा प्रवास खरोखर मोठा आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सोयीबरोबर काय शिरले तेही पाहिले पाहिजे. मोबाइलच्या चार्जरच्या पिना पुष्कळदा युरोपीय मापाच्या, ४ मिलिमीटर व्यासाच्या असतात. आपले छिद्र ५ मिलिमीटरच्या पिनेसाठी घडवलेले. म्हणून चार्जर डुगडुगतो, ठिणगी पडते, आणि आपण कागदाची घडी घालून तो तिरका टेकवतो. युरोपातील जाड, वाटोळ्या प्लगमध्ये भूसंपर्क बाजूच्या पट्ट्यांतून होतो. तो आपल्या सॉकेटात कसाबसा शिरला तरी त्या पट्ट्या कशालाच टेकत नाहीत. यंत्र चालते, संरक्षण मात्र बाहेरच राहते.

आता फ्यूजविषयीच्या एका सार्वत्रिक गैरसमजाकडे वळू. फ्यूज किंवा त्याच्या जागी आलेला एमसीबी माणसाला वाचवतो, असे मानले जाते. एमसीबीचा जन्म जर्मनीतला. मानहाइमच्या हुगो श्टोट्झ यांच्या कारखान्याने १९२४ साली त्याचे पेटंट घेतले. तो वितळून जात नाही, खटका वर केला की पुन्हा कामाला लागतो, म्हणून त्याने फ्यूजला हटवले. परंतु तो राखतो ते वायरिंगला. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले की, हातात धरलेली तार सोडता न येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर आहे. घरातला एमसीबी १६ अँपिअरचा, म्हणजे त्याच्या हजारपट. माणूस तारेला चिकटून गतप्राण झाला तरी एमसीबीच्या लेखी काहीच घडलेले नसते.

मग उरतो तो तिसऱ्या तारेचा मार्ग. त्याचे गणित मांडून पाहू. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात लोखंडी नळी पुरून अर्थिंग केले आहे आणि त्या वाटेचा एकूण विरोध २० ओहम आहे, असे धरा. २३० व्होल्टला या वाटेने धावणारा प्रवाह साडेअकरा अँपिअर. सोळाचा एमसीबी पडणारच नाही. पत्रा जिवंतच राहील. घरांत सामान्यतः बसवतात तो 'सी' वर्गाचा एमसीबी तत्काळ पडेल याची खात्री हवी, तर दहापट, म्हणजे १६० अँपिअर प्रवाह लागतो; त्यासाठी साऱ्या वाटेचा विरोध दीड ओहमच्याही आत हवा. उन्हाळ्यात माती कोरडी पडली, खड्ड्यात कोणी पाणी घातले नाही, नळी गंजली, की हे साधणे जवळजवळ अशक्य. म्हणजे तिसऱ्या छिद्रामागे तार असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

ही उणीव भरून काढणारे साधन विसाव्या शतकाच्या मध्यास आले. त्याचे तत्त्व किराणा दुकानदाराच्या हिशेबाइतके सरळ आहे: फेजमधून जितकी वीज गेली तितकी न्यूट्रलमधून परत यायला हवी. कमी आली तर ती वाटेत कुठेतरी गळते आहे, कदाचित कुणाच्या अंगातून. ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच पुरवठा क्षणार्धात तोडायचा. डाल्झिएल यांनी १९६१ च्या सुमारास असे उपकरण सिद्ध केले. युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेतही त्याच काळात स्वतंत्र प्रयत्न झाले. अमेरिकेच्या वीजसंहितेने १९६८ मध्ये जलतरण तलावांच्या पाण्याखालील दिव्यांसाठी आणि १९७५ मध्ये न्हाणीघरांतील सॉकेटांसाठी ते आवश्यक केले. आपल्याकडे याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. २०१० च्या नियमावलीने ते सक्तीचे केले, पण ५ किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या घरगुती जोडण्या त्यातून वगळल्या. साधे दोन खोल्यांचे घर या मर्यादेच्या आतच राहते. ज्या घरात वायरिंग जुने, फरशी ओली आणि उपकरणे पत्र्याची असण्याचा संभव सर्वाधिक, नेमके तेच सक्तीबाहेर ठेवले गेले. २०२३ साली त्या नियमावलीच्या जागी नवी आली. पण तोवर घरे बांधून झाली होती, आणि बांधलेल्या घराच्या भिंती नियम बदलल्याने बदलत नाहीत.

भारतात विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. हे सारे घरातल्या सॉकेटांचे बळी नव्हेत. शेतातील पंप, लोंबत्या तारा, खांब यांचा त्यांत मोठा वाटा आहे. परंतु घरातल्या मृत्यूंचे वैशिष्ट्य असे की, मरणारा माणूस बहुधा तो नसतो ज्याने वायरिंग ठरवले. घर बांधताना तिसरी तार वगळून पैसे वाचवतो तो मालक वा बिल्डर; ओल्या हाताने धुलाईयंत्राचे झाकण उघडते ती कामवाली, गीझरखाली उभा राहतो तो भाडेकरू, छिद्रात खिळा घालते ते मूल. सुरक्षा विकत घेणारा आणि तिचा लाभ होणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असल्या की ती बाजारात मागे पडते. याच कारणाने हॅस्लेट यांच्यासारख्या व्यक्तीचे समितीत असणे ही शोभेची गोष्ट नव्हती. घरात विजेशी ज्यांचा हात रोज लागतो, त्यांच्या वतीने बोलणारे तिथे कोणीतरी होते.

आज शहरांतून जुनी घरे नव्याने सजवली जातात, त्यात भिंतीवरचे चौकोन हटकून बदलले जातात. आधी रंग ठरतो, मग बटणांचा आकार, मग यूएसबीची खाच कुठे हवी ते. इतिहासाचा क्रम पाहिला तर हा क्रम उलटा असायला हवा. प्रथम मीटरपासून प्रत्येक सॉकेटापर्यंत तिसरी तार, आणि तिचा विरोध मोजून घेतलेला. मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहायचे. तिसरी तार नसतानाही तो उपयोगी पडतो, हे खरे. पण तेव्हा दोष उघडकीस येतो तो कुणालातरी झटका बसल्यावर, आणि फेज व न्यूट्रल या दोहोंना एकाच वेळी हात लागला तर तोही काही करू शकत नाही. त्यानंतर गीझर आणि वातानुकूलन यंत्राला स्वतंत्र, जाड वायर. त्यानंतर झडपेची सॉकेटे; ती आता साध्या दुकानातही मिळतात आणि हॅस्लेट यांच्या समितीने १९४४ साली मागितलेली गोष्ट आपल्या गोल छिद्रांनाही देतात. आणि सर्वांत शेवटी रंग.

या कामांतले पहिले सर्वांत कष्टाचे आहे, कारण त्यासाठी भिंत फोडावी लागते. आणि ते पुरे झाल्यावर दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. पाहुण्यांना बटणे दाखवता येतात, जमिनीत पुरलेली नळी दाखवता येत नाही. शिवाय ती नळी अनेकदा एकट्याची नसते. इमारतीतल्या साऱ्या बिऱ्हाडांची मिळून असते, आणि सामायिक गोष्टींची आबाळ कशी होते हे आपल्या जिन्यांवरून आणि गच्च्यांवरून कोणालाही कळावे. तरीही सुरुवात अवघड नाही. घरात पुढच्या वेळी वायरमन सॉकेट बदलायला येईल, तेव्हा कंपनी कोणती आणि हमी किती वर्षांची या चौकशीआधी त्याला एक प्रश्न विचारावा: या तिसऱ्या छिद्रामागची तार कुठवर जाते? आणि तो उत्तर देईल त्यावर न थांबता ती तार मीटरपर्यंत, आणि मीटरपासून खाली मातीपर्यंत, त्याच्याबरोबर चालत जाऊन पाहावी.